धुरपदाबाईचा रविवार

करंजदरीला अजून बैलगाडीची वाटसुद्धा झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. बालाघाटाच्या पायथ्याला, दरीच्या तोंडाशी वसलेलं ते गाव, आणि वेशीबाहेर दोर वळणाऱ्यांची चार-पाच खोपटं. त्यातल्या शेवटच्या खोपटात धुरपदाबाई आणि तिचा नवरा गेणू राहायचे. करंजदरीत ही गोष्ट सांगताना आधी दोर कसा वळतात ते सांगतात. ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही.

अंबाडीच्या काड्या पाण्यात कुजवायच्या, सोलून त्यांचा वाख काढायचा, वाळवायचा, विंचरायचा. इथवर एकटं माणूस करू शकतं. पण पीळ द्यायला दोघं लागतात. एकजण लाकडी आकडा फिरवतो आणि लांब दुसऱ्या टोकाला दुसरा दोर ताणून धरतो. फिरवणाऱ्याची नजर आपल्या हातावर हवी, वर बघितलं की पीळ बिघडतो. म्हणून तो खाली मान घालूनच ओरडतो, "धरलं का?" आणि तिकडून उत्तर येतं, "धरलंय." धुरपदाबाई आकडा फिरवायची, गेणू धरायचा. गावातल्या साऱ्या मोटांचे नाडे त्या दोघांच्या हातचे होते. विहिरीतून बैल पाण्याची मोट ओढतात ना, तिचा तो जाड दोर म्हणजे नाडा.

एका उन्हाळ्यात गावात एक ख्रिस्ती मास्तर आले. खोपटांपुढच्या लिंबाखाली बसून त्यांनी येशूची गोष्ट सांगितली. तो सुताराच्या घरात वाढला हे ऐकल्यावर गेणू म्हणाला, "म्हणजी हातानं काम करणारा हाय." आणि एवढ्यावरच तो निम्मा ख्रिस्ती झाला, असं म्हणतात. धुरपदाबाईला मात्र एक विचारायचं होतं. "मास्तर, तो आमच्या हातचं पाणी पिईल का?" मास्तर म्हणाले, "बाई, परक्या जातीची एक बाई विहिरीवर आली होती, तिच्याकडं त्यानं स्वतः होऊन पाणी मागितलं." धुरपदाबाईनं पुढं काही विचारलं नाही. ओढ्याला पाणी आलं तेव्हा खोपटांतल्या सगळ्यांबरोबर तिनंही बाप्तिस्मा घेतला.

मास्तरांनी त्यांना प्रार्थना शिकवल्या, गाणी शिकवली, आणि रविवार दिला. म्हणजे काय, तर रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी काम बंद ठेवायचं. धुरपदाबाई कळत्या वयापासून रोज दोर वळत आली होती. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी "बस जरा" म्हणालं होतं. दर रविवारी ती आकडा खुंटीला अडकवायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि प्रार्थनेसाठी बांधलेल्या मातीच्या छोट्या देवळात जाऊन बसायची. त्या दिवशी ती चालायचीसुद्धा वेगळी, असं म्हणतात.

मग वाईट वर्षं आली. एक पाऊस चुकला, पुढचाही चुकला. मास्तरांना दूरच्या गावी धाडलं गेलं. पटकीची साथ आली आणि तिच्यात गेणू गेला. खोपटांतली काही माणसं शहराकडं पोट भरायला गेली, आणि जी राहिली त्यांनी भीतीनं म्हणा, कंटाळून म्हणा, येशूचं नाव सोडलं. देवळाचं छप्पर एका बाजूनं खाली आलं. धुरपदाबाई तेवढी उरली. ती रविवारी त्या कललेल्या छपराखाली एकटीच बसायची, एकटीच गायची.

अशाच एका रविवारी केरूनाना पाटलाच्या मोटेचा नाडा तुटला. पाटील स्वतः खोपटापाशी आला, मागं पाच-सहा माणसं.

"धुरपदे, नाडा पायजे. दुपारच्या आत."

"उद्या उजाडायच्या आत आणून देते, पाटील. आज रविवार हाय."

"मग?"

"आज मी आकडा खुंटीवरनं काढत न्हाई."

मागची माणसं हसली. एकजण म्हणाला, "बाई लईच मोठी साहेबीण झालीय." पाटील हसला नाही. "तुझा मास्तर गेला, तुझा नवरा गेला, तुझी माणसं फिरली. तुझा येशू तेवढा मागं ऱ्हायला व्हय?"

"व्हय," धुरपदाबाई म्हणाली. "तो ऱ्हायला."

ती हे इतक्या हळू म्हणाली, की पाटलाला तिच्या बोलण्यापेक्षा त्या हळूपणाचाच जास्त राग आला, असं म्हणतात.

त्या दिवशी पाटलानं तिला वाळीत टाकलं. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही. जो बोलेल त्याला दंड. तिनं येशूचं नाव टाकावं, चावडीपुढं नाक घासावं आणि रविवारी दोर वळावा, मग गाव तिला परत घेईल.

धुरपदाबाई चावडीकडं गेली नाही. तिनं आकडा घेतला, गेणूची घोंगडी घेतली, एक शेळी घेतली आणि वर डोंगराच्या कुशीत ओढ्यापाशी जाऊन राहिली. तिथं तिनं काटक्यांचं खोपट घातलं. दोराचं दुसरं टोक धरायला आता कुणी नव्हतं, म्हणून ती ते बाभळीला बांधायची. पण झाड काही ताण सैल-घट्ट करत नाही, त्यामुळं शेळ्या बांधायचे आखूड दोर तेवढे व्हायचे. ते ती वाटेवरच्या दगडावर ठेवायची. मेंढपाळ ओंजळभर बाजरी ठेवून दोर उचलायचे आणि मान खाली घालून निघून जायचे. लांब दोराचा वाख तसाच पडून राहिला, त्याचा खोपटात ढीग झाला. सवयीनं ती अजूनही ओरडायची, "धरलं का?" डोंगरावरून तिचाच आवाज परत यायचा आणि ती दचकायची.

वार चुकू नये म्हणून ती रोज सकाळी एका सुतळीला गाठ मारायची. सातवी गाठ आली की रविवार. त्या दिवशी ती आंघोळ करायची, खोपटापुढं झाडायची, गाणी म्हणायची आणि एक मूठ बाजरी प्रभूची म्हणून दगडावर ठेवायची. ती पाखरं खायची. धुरपदाबाईचं त्याला काही म्हणणं नव्हतं.

पण एका हिवाळ्यात तिला ताप भरला. किती दिवस ती घोंगडीत पडून होती, कुणाला ठाऊक. शेळी खोपटात येऊन तिला चाटायची, एवढंच तिला आठवत होतं. ताप उतरला तेव्हा तिनं सुतळी हातात घेतली, आणि तिच्या लक्षात आलं की गाठी मारायच्या राहिल्यात.

भिंत धरत ती उठली आणि ओढ्याच्या काठानं खाली गेली. पलीकडं गावच्या बाया धुणं धूत होत्या. तिनं विचारलं, "बायांनो, आज वार कोणता?"

धुणी थांबली. कुणी बोललं नाही.

"दुसरं काही मागत न्हाई गं. वार तेवढा सांगा."

एका नव्या सुनेनं तोंड उघडलं, तर सासूनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती कळवळली. बायांनी ओली धुणीच गोळा केली आणि त्या निघून गेल्या.

धुरपदाबाई बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसली. मग म्हणाली, "देवा, तुला ठावं हाय आज काय ते. मला न्हाई. आज मला उठून उभं ऱ्हाता आलं, म्हणून मी आजचा रविवार धरते." आणि तिनं सुतळीला पुन्हा पहिली गाठ मारली.

तो गुरुवार होता.

तेव्हापासून दर गुरुवारी डोंगरावरून गाणं ऐकू यायला लागलं. गावाला त्याची गंमत वाटायची. चावडीवर कुणीतरी म्हणायचं, "ऐका, आज धुरपदीचा रविवार." आणि सगळे हसायचे. लहान पोरांनासुद्धा ठाऊक झालं. फक्त तिला ठाऊक नव्हतं. मला वाटतं, वाळीत टाकण्यापेक्षाही हे वाईट होतं.

वर्षं गेली. दुष्काळ हटला, पुन्हा आला, आणि या वेळी विहिरी तळाशी गेल्या. पाटलानं आपली विहीर आणखी खोल खणायला घेतली. एका दुपारी पाटलाची लेक मंजुळा, पाच-सहा वर्षांची पोर, शेळीच्या करडामागं धावत विहिरीच्या कडेला गेली. कडेची माती ढासळली, आणि पोरगी मातीबरोबर आत गेली.

ती तळाला पडली नाही. खोल आत एका कपारीत अडकली. वरून ती दिसत नव्हती, पण तिचं रडणं ऐकू येत होतं. उतरायला जावं तर माती सुटून तिच्यावरच पडायची. गावातले सगळे दोर आणले, एकाला एक बांधले. बाजारचे जुने, वाळवी लागलेले दोर ते. पहिला माणूस कमरेइतका आत गेला आणि दोर तुटला. लोकांनी त्याला हाताला धरून वर ओढलं. मग सगळे नुसते विहिरीभोवती उभे राहिले. नवा लांब दोर वळणारं माणूस कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटलाकडं मात्र कुणी बघेना.

पाटलाची आई भागूआजी उठली. तिनं काठी घेतली आणि भर उन्हात डोंगराची वाट धरली.

"धुरपदे," तिनं खोपटाबाहेरून हाक मारली. धुरपदाबाईच्या हातातला तांब्या पडला. आपलं नाव कुणाच्या तोंडून ऐकायची तिची सवयच मोडली होती.

"माझी नात विहिरीत पडलीय. मंजुळा. जित्ती हाय, रडतीय. गावात लांब दोर न्हाई गं."

"आज रविवार..." धुरपदाबाईच्या तोंडून सवयीनं गेलं. पण असं म्हणतात, की तोवर तिच्या हातानं आकडा खुंटीवरून काढलासुद्धा होता.

म्हातारी उंबऱ्यातच खाली बसली. "न्हाई गं बाई. आज गुरुवार हाय. कवापास्नं तुझा रविवार गुरुवारी पडतोय. समद्या गावाला ठावं हाय, मलाबी. कुणी सांगितलं न्हाई तुला."

धुरपदाबाई आकडा मांडीवर घेऊन बसली. तिच्यापाशी दुसरं काय होतं? नवरा नाही, देऊळ नाही, गाव नाही. एक रविवार तिनं जिवापाड धरून ठेवला होता, आणि तोही रविवार नव्हताच. खऱ्या रविवारी ती वाख सोलत बसली होती. कुणाला ऐकू गेली असतील ती गाणी?

पण पोरगी विहिरीत होती. धुरपदाबाई उठली आणि वाखाचा ढीग बाहेर ओढायला लागली.

"एकटी कशी वळशील?" म्हातारीनं विचारलं. "मी धरू का?"

"तुमच्यानं ताण सोसायचा न्हाई, आजी. तुम्ही खाली जावा. पोरीशी बोलत ऱ्हावा, तिला झोपू देऊ नका. मी दोर आणते."

म्हातारी गेली. धुरपदाबाईनं टोक बाभळीला बांधलं, लांब मागं सरली आणि आकडा फिरवायला लागली. जरा पीळ बसतो न बसतो तोच काडकन आवाज झाला. दुष्काळानं वाळलेली बाभूळ मुळापाशी मोडली होती. पेड जमिनीवर लोळायला लागले.

धुरपदाबाईनं मान वर केली नाही. खाली बघतच ती म्हणाली, "माझे रविवार तुला पोचले का न्हाई, मला ठावं न्हाई. चुकले असले तर माझे चुकले. पण ती पोर तुझी हाय." मग जन्माची सवय, तिच्या तोंडून हाक गेली, "धरलं का?"

आणि दोर ताणला गेला.

कुणी म्हणतात, तेव्हा "धरलंय" असा आवाजही आला. कुणी म्हणतात, आवाज नाही, नुसता ताण आला, पण असा ताण, जसा फक्त दोराची जाण असलेलं माणूस देतं, पीळ बसेल तसा पुढं सरकत, कुठं सैल, कुठं घट्ट. दोन दिवसांचं काम खोपटाची सावली पुढच्या दगडापर्यंत पोचायच्या आत झालं, असं म्हणतात. धुरपदाबाईला पुढं कुणी विचारलं, की तिकडं कोण होतं, तर ती एवढंच सांगायची, "मी वर बघितलं न्हाई. दोर वळताना वर बघत न्हाईत."

दोराचं वेटोळं डोक्यावर घेऊन ती खाली आली. लोक बाजूला झाले. पाटलानं दोर कमरेला बांधला आणि तो स्वतः विहिरीत उतरला. ज्या बाईला त्यानं माणसातून उठवलं, तिच्या हातच्या दोरावर तो त्या अंधारात लोंबकळत होता. दोर कपारीपर्यंत पुरला. वर येताना दोर दोघांचा भार घेऊन आला आणि त्याचा एक धागाही उसवला नाही.

आजीच्या मांडीवर पोरगी हुंदके देत होती. तेवढ्यात गर्दीतून एकजण म्हणाला, "बरं झालं आज गुरुवार होता. रविवार असता तर बाईनं दोर दिला नसता."

"रविवार असता तरी वळला असता," धुरपदाबाई म्हणाली. "मोटंला थांबता येतं. पोरीला येत न्हाई."

केरूनाना पाटील मातीनं माखलेला तिथंच जमिनीवर बसला होता. त्यानं नाक घासायचं नाव काढलं नाही. तो म्हणाला, "धुरपदाबाई, खाली ऱ्हायला या." तिला "बाई" आणि "या" म्हणून बोलावलेलं गावानं पहिल्यांदा ऐकलं.

ती खाली आली. लोकांनी खोपट नीट करून दिलं, कुणी जोंधळे आणले, कुणी ताक. ओढ्यावरची ती सून रोज सकाळी दाराशी यायची, आता तिला चिमटा काढायची कुणाची छाती नव्हती, आणि सांगायची, "मावशी, आज मंगळवार." "मावशी, आज बुधवार." आता रविवार चुकायची भीती नव्हती. पण धुरपदाबाई रविवारी देवळात जाऊन बसायची आणि तिच्या तोंडून गाणंच फुटायचं नाही. जेवण जाईना. सुतळीइतकी बारीक झाली. बाया विचारायच्या, काय झालं? ती म्हणायची, "मी इतकी वर्षं हाका मारल्या, आणि दार भलतंच होतं."

पाऊस पडला, वाटा मोकळ्या झाल्या, तेव्हा अमृतराव नावाचे एक पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, घोड्यावरून गावात आले. एवढ्या वर्षांत करंजदरीत एक बाई एकटी ख्रिस्ती राहिली, हे त्यांना वाटेत कळलं होतं. धुरपदाबाईनं त्यांना पाणी दिलं आणि पदर पसरून विचारलं, "पाळकसाहेब, माझ्या प्रार्थना पोचल्या का?"

पाळक म्हणाले, देव सगळे दिवस ऐकतो. म्हणाले, देव मन बघतो. खरंच होतं ते. धुरपदाबाईनं मान हलवली, पण तिचा चेहरा तसाच राहिला. पाळकांना ते दिसलं.

भागूआजी नातीला घेऊन तिथं आली होती, पाळकाचा घोडा दाखवायला. मंजुळा घोड्याकडं बघत होती. बघता बघता म्हणाली, "त्याच्याकडं घोडा नव्हता."

"कुणाकडं गं?" पाळकांनी विचारलं.

"विहिरीतल्या माणसाकडं."

म्हातारी घाईनं म्हणाली, "काही न्हाई, साहेब. पोर घाबरलीय. तवापास्नं तेच बडबडतीय, आम्ही तिला गप करतो."

"बोलू द्या तिला," पाळक म्हणाले.

"तो माझ्यापाशी बसला होता," मंजुळा म्हणाली. "दोराचं टोक धरून. मी म्हणलं, दोर कुठं जातोय? तो म्हणला, वर बाई वळतीय, रडू नको, आता होईल." ती जरा थांबली. "त्याच्या हाताला लागलं होतं. दोन्ही हातांना, हितं." तिनं आपल्या तळव्यावर बोट ठेवलं. "मी म्हणलं, दोरानं कापलं का? दुखतंय का? तो म्हणला, आता न्हाई दुखत."

पाळकांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. घोडा तेवढा शेपटी हलवत होता.

धुरपदाबाई पोरीपुढं उकिडवी बसली. तिनं एकच विचारलं. "बाळा, तो कोणत्या वारी आला होता?"

"गुरुवारी," मंजुळा म्हणाली. "आजीला विचार."

धुरपदाबाईनं पदर तोंडावर घेतला. ती हसत होती का रडत होती, यावर करंजदरीत अजून एकमत नाही. पण त्या संध्याकाळी तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि वर ताक मागितलं, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

धुरपदाबाई पुढं खूप वर्षं जगली. शहराकडं गेलेल्यांतले काही परत आले, पाटलाच्या घरचेही कुणी कुणी देवळात येऊन मागं बसायला लागले. आता तिथं दगडी देऊळ आहे. रविवारची उपासना सगळीकडं होते तशी होते. पण गुरुवारीही घंटा वाजते. नवा पाळक आला की त्याला वाटतं, ही चूक आहे, सुधारावी. तो रविवारी तसं सांगतोसुद्धा. लोक ऐकून घेतात आणि गुरुवारी धुतलेले कपडे घालून येतात. दोन-चार गुरुवार गेले की पाळकही येतो.

आणि अजून एक गोष्ट करंजदरी पाळते, ती मला सगळ्यात आवडते. त्या गावात कुणालाही वाळीत टाकत नाहीत. भांडणं होतात, बोलणं बंद होतं, पण वार सांगणं बंद होत नाही. रोज सकाळी आळीतलं कुणीतरी निघतं आणि जिथं एकटं माणूस आहे, जिथं कुणी आजारी आहे, म्हातारं आहे, डोळ्यांनी अधू आहे, त्या प्रत्येक दाराशी थांबतं. आत जायलाच हवं असं नाही. बाहेरूनच सांगतात,

"आजी, उठलीस का? आज शुक्रवार."

आतून आवाज येईपर्यंत ते दारातून हलत नाहीत.